वकील येईपर्यंत

कुलूपवाल्याला जन्मात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे गप्प बसणं. किल्ली घासता घासता तो गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. आणि आज पोलीस ठाण्याच्या बाकावर नेमकी गप्प बसायचीच पाळी आली होती!

काल दुपारी एकाने किल्ली हरवली म्हणून त्याला घरी नेलं, याने दार उघडून दिलं. त्याच घरातून एका आजींचे दागिने गेले. आज भरदुकानातून त्याला उचललं.

त्याचा मेहुणा वकील. दर जेवणाला त्याचं एकच पुराण. "दाजी, अटक झाली तर आधी कारण विचारायचं. घरी कळवायचं. वकील येईपर्यंत काही बोलायचं नाही. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे न्यावंच लागतं त्यांना." दाजी ताटावर पेंगायचे. म्हणायचे, मला कोण धरतंय मेलं!

आता मात्र त्याने आठवून आठवून कारण विचारलं. चोराला मदत केली, असं कळलं. मग बायकोला फोन लावला. "भाऊ निघालाय," ती म्हणाली, "आणि तुम्ही तोंड उघडलंत तर याद राखा!"

इन्स्पेक्टर तसा वाईट नव्हता, पण महा वस्ताद. चहा पुढे सरकवत म्हणाला, "कुणा नवशिक्याचं काम दिसतंय. नुसती धसमुसळी."

नवशिका? कुलपावर एक ओरखडा नव्हता! कुलूपवाल्याच्या अंगाची लाहीलाही झाली. जिभेवर आलेलं त्याने चहाबरोबर गिळलं. "माझे वकील येऊ द्यात, साहेब."

त्याहून अवघड होतं ते समोर बघणं. समोरच्या खुर्चीत त्या आजी बसल्या होत्या, रिकामी मनगटं चोळत. आपल्याच हातांनी यांचं दार उघडलं, या विचाराने त्याला भडभडून आलं. उठून पाय धरावेत, चुकलो म्हणावं, असं सारखं वाटत होतं. पण तो बसून राहिला, डोळे पुसत.

मेहुणा धापा टाकत आला. "दाजी, किती बरळलात?"

"एक अक्षर नाही."

मेहुण्याचा विश्वासच बसेना. मग एका कोपऱ्यात कुलूपवाल्याने सगळं भडाभडा ओकलं. "हे सांगू या," मेहुणा म्हणाला. "पण मी शेजारी बसतो. विचारतील तेवढंच बोला."

"अनोळखी माणसाला खुशाल घर उघडून दिलंस?" इन्स्पेक्टरने विचारलं. "कागदपत्रं नाही पाहिलीस?"

"कागद काय, कुणीही दाखवतो, साहेब. तो म्हणाला, कुलूप सुटलं तरी दार अडकतं, आधी आपल्याकडे ओढायचं, मग वर उचलायचं. अहो, दाराची खोड घरच्यालाच ठाऊक असते. आमच्या धंद्यात याहून मोठा दाखला नाही. मी निर्धास्त झालो, तिथंच फसलो."

"दिसायला कसा होता?"

मेहुण्याने मान डोलावली, तेव्हा कुलूपवाला बोलला. "उंच. डाव्या भुवईत जुनी खोक."

आजींचे हात थांबले. चेहरा पांढराफटक पडला.

इन्स्पेक्टर त्यांच्याकडे वळला. "आजी, असं कोण आहे तुमच्या घरात?"

त्यांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलंच नाही. मेहुण्याची बाही हळूच ओढली आणि विचारलं, "बाळा, आईलाही गप्प बसता येतं का रे, वकील येईपर्यंत?"