मागे नेणारा बाण

“आजोबा, एवढं जोरात नाही दाबायचं. नुसतं टेकवायचं,” असं म्हणत सहा वर्षांच्या नातीने मास्तरांचं बोट धरून मोबाइलच्या पडद्यावर ठेवलं. पडदा ढिम्म. एकतीस वर्षं कागद हाताळून त्या बोटाची कातडी इतकी कोरडी झाली होती, की पडद्याला ते बोट वाटतच नसावं. नातीने ते सरळ ओल्या फडक्यावर फिरवलं आणि पुन्हा टेकवलं. काम झालं.

मास्तर म्हणजे छापखान्यातले कटिंगमास्तर. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा आणि मापात कापायचा, हे त्यांचं काम. या धंद्यात दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला माणूस विरळाच, आणि मास्तर ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. जुनं यंत्र भंगारात गेलं आणि पडद्यावर माप टाकायचं नवं आलं, तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना आठ दिवस दिले. जमलं तर ठीक, नाहीतर पॅकिंगच्या टेबलावर बसायचं. पॅकिंग काही वाईट नव्हतं, पण तिथे कोणी कोणाला मास्तर म्हणत नाही.

शिकवणी रोज संध्याकाळी चाले. मास्तर आधी पडद्यावरचं सगळं वाचत, चष्मा पुसत, मग आणखी एकदा वाचत. नातीला धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिचं काहीच अडत नव्हतं. दिसेल त्यावर बोट टेकवायची, नको ते उघडलं की कोपऱ्यातला बाण दाबून मागे यायची. मास्तरांचा हात मात्र अधांतरी थांबायचा. भलत्या वेळी एक कळ दाबल्याने शेजारच्या कारागिराची तीन बोटं गेलेली त्यांनी पाहिली होती. पोरीला हे काय सांगणार?

“काही होत नाही हो आजोबा. चुकलं तर मागे जायचं,” ती म्हणायची.

पाचव्या दिवशी त्यांना ते पटलं. सहाव्या दिवशी तर गडी असा सुटला, की मोबाइल परत मिळेना म्हणून नातीने आजीकडे तक्रार नेली.

आठव्या दिवशी छापखान्यात मालकीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पुस्तकाची चारशे कव्हरं होती, माप दोनशे चौदा. मास्तरांनी भराभर आकडे टाकले आणि चारवर जायचं बोट एकवर पडलं. एरवी पट्टी लावून माप पडताळल्याशिवाय त्यांनी कधी पातं खाली आणलं नव्हतं. आज पट्टी खिशातच राहिली. दोन्ही हातांनी कळा दाबल्या, पातं खाली आलं आणि वर गेलं.

दोनशे अकरा. कव्हरं तीन मिलिमीटरने तोकडी झाली. मास्तरांचं बोट आपसूक कोपऱ्यात गेलं आणि त्यांनी बाण दाबला. आकडा पुसला गेला. गठ्ठा होता तसाच राहिला. बाईंनी ते बोट जाताना पाहिलं, याची त्यांना चुकीपेक्षा जास्त लाज वाटली.

बाई चांगल्या होत्या. कागदच आहे, पुन्हा छापू, आणखी आठ दिवस घ्या, म्हणाल्या.

“नको बाई. पट्टी न लावता कापलं मी,” मास्तर म्हणाले. “अशा माणसाने पात्यापाशी उभं राहू नये.” आणि ते आपणहून पॅकिंगच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी नात दारातच उभी होती. “बाण दाबलात?”

“दाबला.”

“मग? गेलं मागे?”

“आकडा लगेच गेला.”

“बघा, मी सांगितलं होतं ना.”

“तू सांगितलंस तस्संच झालं,” मास्तर म्हणाले आणि खाली वाकले. चपला काढायला त्यांना जरा वेळच लागला.