करपा हवा आहे

टोमॅटोवर उशिरा येणारा करपा पडला की आठवड्याभरात अख्खं शेत उकडलेल्या पाल्यासारखं दिसायला लागतं. आधी पानावर ओलसर डाग, मग ते काळे पडतात, पानाच्या पाठीवर पांढरी लव येते, आणि मग झाडाची आशा सोडायची. या करप्याला अजिबात दाद न देणारा टोमॅटो तयार करण्यात आमच्या बाईंची अकरा वर्षं गेली. मी त्यांचा सहायक. त्यातली नऊ वर्षं मीही त्यांच्या मागे रोपांचे ट्रे उचलत हिंडलो.

बाईंना कुठून तरी एक रानटी टोमॅटो मिळाला होता. फळ वाटाण्याएवढं, चव औषधासारखी, पण करपा त्याच्या वाटेला जात नसे. बाईंनी त्याचा आणि मोठ्या गोड टोमॅटोचा संकर सुरू केला. चिमट्याने फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा, देठाला दोरा बांधायचा. दर हंगामात हजार रोपं वाढवायची आणि जवळजवळ सगळी उपटून टाकायची. असं करत करत शेवटी सत्तेचाळीस नंबरचं रोप हाती लागलं. लालबुंद, मुठीएवढं फळ, आणि प्रयोगशाळेत कितीही करपा शिंपडा, पान जसंच्या तसं.

आता राहिली होती फक्त शेतातली चाचणी. तपासनीस येणार, शेतात करपा असताना सत्तेचाळीस टिकतो का ते बघणार, मग मंजुरी. त्यासाठी आम्ही सत्तेचाळीसच्या दोन ओळींमध्ये एकेक ओळ अशा वाणाची लावली होती, जो करपा नुसता लांबून दिसला तरी आडवा पडतो. त्याला आम्ही नाजूकराव म्हणायचो. नाजूकराव आजारी पडणार, त्याचा आजार शेजारी पसरणार, आणि सत्तेचाळीस त्याला पुरून उरणार, असा सगळा बेत.

आणि त्या वर्षी करपा आलाच नाही. प्रयोगशाळेतलं शीतकपाट बंद पडून तिथला करप्याचा साठाही मरून गेला.

हवा कोरडी आणि स्वच्छ. करप्याला ओल लागते, म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ तुषार सोडले, ओळींवर ओली पोती टांगली. नाजूकराव जन्मात नव्हता एवढा धष्टपुष्ट झाला. आमचे साहेब रोज शेताच्या कडेला येऊन उभे राहायचे.

"काही वाईट बातमी?"

"नाही साहेब. सगळी झाडं ठणठणीत."

"अरेरे," म्हणत ते परत जायचे.

दूरच्या एका संशोधन केंद्रात भरपूर करपा होता, पण ते पाठवेनात. रोगट झाड केंद्राच्या कर्मचाऱ्याने एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवू नये, असं परिपत्रक होतं. त्याखाली सही आमच्याच साहेबांची होती. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "छान लिहिलंय. पळवाट ठेवलेली नाही."

मग एका सोमवारी बाई धापा टाकत प्रयोगशाळेत आल्या.

"सापडला!"

"कुठे?"

"आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या गच्चीवर. काल जेवायला गेलो होतो. कुंडीत टोमॅटोचं एकच झाड आहे, आणि त्याला असा करपा आहे म्हणून सांगू! शेजारच्या कुंडीत त्यांनी मोड आलेला बटाटा खुपसला होता, त्यातूनच आलाय. पण जाऊबाई कबूल करत नाहीयेत."

दुपारी बाई मला घेऊन तिकडे गेल्या. जाऊबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि गच्चीवरच्या कुंड्या वर्गातल्या बाकांसारख्या रांगेत होत्या. त्या टोमॅटोचा अर्धा पाला काळा पडला होता.

"त्याला ऊन लागलंय," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, हा करपा आहे."

"माझ्या गच्चीवर? अगं, शब्द जपून वापर. माझ्या हातचं झाड कधी आजारी पडलेलं नाही."

बाई गुडघ्यांवर बसल्या. एक पान उलटं करून त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ताई, इतका सुंदर करपा मी आयुष्यात पाहिला नाही. काय लव आहे! आमच्या अख्ख्या केंद्राला जे जमलं नाही ते तुम्ही एका कुंडीत केलंत."

 जाऊबाईंनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "तशी मेहनत घेतलीच आहे मी," त्या शेवटी म्हणाल्या.

आता परिपत्रकाचं काय? जाऊबाई केंद्राच्या कर्मचारी नव्हत्या. त्यामुळे कुंडी त्यांनीच आणायची, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी कुंडी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मांडीवर घेऊन त्या रिक्षातून उतरल्या. मी हात पुढे केला तर ओरडल्या, "तुम्ही कर्मचारी ना? मागे व्हा!" फाटकावरच्या नोंदवहीत येण्याचं कारण विचारलं होतं. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: आजार पोचवण्यास.

त्यांचा करपा खरोखरच कर्तबगार निघाला. आठ दिवसांत नाजूकराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काळाठिक्कर. साहेबांनी आनंदाने सगळ्यांना चहा पाजला. आणि त्या काळ्या चिखलात सत्तेचाळीसच्या ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. एका पानावर एक डाग नाही.

जाऊबाई रोज येऊन बघत होत्या. नाजूकराव पडला तेव्हा त्या खूश होत्या. पण सत्तेचाळीससमोर मात्र त्यांचा चेहरा उतरत गेला. एकदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं, "जरा जोर लाव रे."

तपासनीस आले. चष्मा पुसून त्यांनी झाडन् झाड पाहिलं, बाईंचं अभिनंदन केलं, आणि अर्ज भरायला बसले. बसले ते बसलेच.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"इथे लिहायचंय, रोगाचं प्रमाण, एक ते शंभर. तुमचं शून्य आहे."

"मग शून्य लिहा."

"शून्य म्हणजे चाचणी झाली नाही, असं खाली छापलंय. एकसुद्धा डाग नाही का हो कुठे?"

"अकरा वर्षं मी तो डाग पडू नये म्हणून झिजले!" बाईंचा आवाज चिरकला. "आणि आता तुम्हाला डाग हवाय?"

"मला नकोय हो. अर्जाला हवाय. आणि एका हंगामात चाचणी एकदाच होते. कुणाची लेखी हरकत आली तरच फेरचाचणी."

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझी हरकत आहे."

जाऊबाईंनी पर्समधून कागद काढला. तो त्यांनी आदल्या दिवशीच लिहून आणला होता. त्यांच्या करप्यावर अन्याय झाला होता. त्याला गच्चीची सवय. इथे कोपऱ्यात ठेवलं, दहानंतर ऊन, आणि अंगाखालची माती अनोळखी. नाजूकरावासारख्या दुबळ्याशी लढवून त्याला आधीच दमवलं, आणि मग ताज्यातवान्या सत्तेचाळीसवर सोडलं. हा सामना बरोबरीचा नव्हता.

"ताई!" बाई म्हणाल्या. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"घरात तू माझी जाऊ आहेस. इथे मी त्याची पालक आहे."

तपासनिसांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. सुटका झाल्यासारखा श्वास सोडून त्यांनी हरकत मंजूर केली.

बाई दोन दिवस प्रयोगशाळेत फिरकल्या नाहीत. साहेब मला म्हणाले, "त्यांना समजवा. एक डाग, बस." मी गेलो तर त्या सत्तेचाळीसच्या ओळीत उभ्या होत्या. "एवढं चांगलं निघालं," त्या म्हणाल्या, "की कुणाला दाखवता येत नाही." हसावं की रडावं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मग पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "बोलवा ताईंना."

फेरचाचणी जाऊबाईंनी स्वतःच्या देखरेखीखाली घेतली. सत्तेचाळीसच्या प्रत्येक झाडाला त्यांनी करप्याने भरलेल्या फांद्या बांधल्या, वरून ओल्या चादरी घातल्या, सावलीला स्वतःची छत्री उभी केली. खुर्ची टाकून दिवसभर बसायच्या. चादरीत हवा जायला नको म्हणून आम्हाला जवळ खोकूही देत नसत.

पाचव्या दिवशी सकाळी किंकाळी ऐकू आली. आम्ही धावत गेलो.

"पडला! पडला!" जाऊबाई नाचायच्याच बाकी होत्या. तिसऱ्या झाडाच्या खालच्या पानावर मोहरीच्या दाण्याएवढा एक तपकिरी ठिपका होता. तपासनिसांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि अर्जात सुंदर अक्षरात 'एक' लिहिलं.

बाईंनीही पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होतो, त्यामुळे त्यांना काय दिसलं ते मलाही कळलं. तो करप्याचा डाग नव्हता. आत शिरलेल्या करप्याला पुढे जाता येऊ नये म्हणून झाडानेच आपल्या पानाचा तेवढा कण मारून टाकला होता. म्हणजे सत्तेचाळीस तिथेही जिंकला होता.

जाऊबाई चेहरा वाचण्यात पटाईत. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचले होते. "काय गं? माझ्याच करप्याचा आहे ना हा?"

 बाईंनी एकदा तपासनिसांकडे पाहिलं, एकदा त्या छत्रीकडे.

"तुमच्यामुळेच पडला, ताई," त्या म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

मंजुरीचं पत्र महिन्याभरात आलं. त्यात वाणाची शिफारस होती आणि रोगाचं प्रमाण 'अत्यल्प, परंतु समाधानकारक' असं म्हटलं होतं. साहेबांनी ते चौकटीत बसवलं.

बियाण्यासाठी फळं कापायला बसलो तेव्हा जाऊबाई न बोलावता आल्या. दोघी जावा समोरासमोर बसल्या, कोपरापर्यंत रस, बादल्यांत गर पिळत होत्या. जाऊबाईंनी एक फोड तोंडात टाकली, डोळे बारीक केले.

"आंबट आहे थोडा."

"आहे," बाई म्हणाल्या. "गोडी वाढवायची तर पुन्हा संकर करावा लागेल."

"किती वर्षं?"

"सात. आठही लागतील."

"मग बसलीस काय? चिमटा कुठे ठेवतेस तुझा?"