काळूरामच्या जीपमधला काटा

"डावीकडे गेला! नाही म्हणाले!"

चंदनसार गावातल्या एका अंगणात पन्नास-साठ माणसं श्वास रोखून उभी होती. सगळ्यांची नजर एका जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर. जीपचा मालक काळूराम सहा महिन्यांपूर्वी वारला होता. गाडीला बॅटरी नव्हती, किल्ली लावलेली नव्हती, तरी विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा दर गुरुवारी प्रश्नांना उत्तरं देत होता. उजवीकडे झुकला की हो, डावीकडे झुकला की नाही.

गर्दीच्या मागे सुधाकर पिशवी घेऊन उभा होता. फुलपाड्यात एकटाच राहणारा हा माणूस चाळीस वर्षं जुन्या गाड्यांचे मीटर उघडून दुरुस्त करत आला होता. काळूराम त्याचा जिवाचा दोस्त. जीपचे चार मीटर त्यानेच दुरुस्तीला दिले होते. पाचवा, अँपिअरचा, चांगला होता म्हणून गाडीतच राहिला. दोस्त गेल्यावर ते चार उघडायचा सुधाकरला धीर होईना. अखेर एकदाचा बसला, गंज खरवडला, पुसट झालेले आकडे बारीक कुंचल्याने पुन्हा काढले आणि ते घेऊन आज आला, तर अंगणात ही जत्रा!

"विज्ञान काय म्हणतं?" भगवी कफनी घातलेले काटेमहाराज गरजत होते. "बॅटरीशिवाय काटा हलत नाही! मग हा का हलतो? आत्म्याला हजार व्होल्टची ताकद असते! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मला पत्र लिहिलंय. इंग्रजीत होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही."

लोकांनी हात जोडले. क्षणभर सुधाकरलाही वाटलं, पुढे व्हावं आणि विचारावं, काळ्या, ओळखलंस का मला?

तेवढ्यात काळूरामची बायको, यमुना, काट्याकडे बघत म्हणाली, "अहो, पाय सुजलेत. गोळ्या परत चालू करू का?"

महाराजांनी डावा हात मीटरच्या डाव्या बाजूला धरला. काटा डावीकडे.

"नको म्हणाले!"

सुधाकर गर्दीतून वाट काढत पुढे आला. "वहिनी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधीपासून बंद?"

"तीन आठवडे झाले, भावजी. हेच नको म्हनाले."

सुधाकरने काट्याकडे पाहिलं, मग महाराजांच्या हाताकडे. "महाराज, मी हा मीटर उघडून बघतो."

"खबरदार! आत आत्मा आहे!"

"गाडी वहिनींची आहे. वहिनी, तुम्ही सांगा."

यमुना चाचरली. "उघडल्यावर ते जातील का?"

"काळूराम आत असेल, तर मला बघून कशाला जाईल?"

तिने मान हलवली. सुधाकरने मीटर सोडवून बॉनेटवर ठेवला, पातळ स्क्रूड्रायव्हरने कडेची पितळी कडी हलकेच उचकटली, काच काढली.

"हे बघा. काट्याच्या बुडाशी लोखंडाची पट्टी आहे. लोहचुंबक जवळ आणलं की ती ओढली जाते. त्याला बॅटरी लागत नाही." पडलेले स्क्रू उचलायचं आपलं छोटं चुंबक त्याने यमुनाच्या मुठीत ठेवलं. "आता विचारा, काळूरामला कारलं आवडायचं का?"

"छे! ताटात वाढू द्यायचे नाहीत."

"मूठ उजवीकडे धरा."

काटा उजवीकडे झुकला. कारलं आवडत होतं म्हणे! गर्दीत हसू फुटलं.

सुधाकरने पिशवीतले मूठभर लोखंडी वायसर, स्क्रूखाली घालायच्या त्या बारीक चकत्या, बॉनेटवर ओतले. "महाराज, यांच्यावरून जरा हात फिरवा."

"माझी ध्यानाची वेळ झाली," म्हणत महाराज मागे सरकले. पण शेजारच्या रिक्षावाल्या विकीने त्यांचं मनगट धरून पुढे आणलं. वायसर टकाटक उडून मनगटावरच्या जाड ताइताला चिकटले. दुसऱ्या मनगटावरही तसाच ताईत, त्यातही चुंबक! महाराज फाटकातून पळाले ते मागे न बघता.

अंगण रिकामं झालं. यमुना पायरीवर बसली होती.

"दोन महिने कोनीतरी उत्तर देत होतं, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही पन आला नाहीत."

सुधाकरची मान खाली गेली. "माझं चुकलं, वहिनी. या घरात तो दिसणार नाही, हे सोसवत नव्हतं." मग मान वर करून तो म्हणाला, "पण उत्तर त्या ताइताचं होतं. काळूराम तुम्हाला गोळ्या सोडा म्हणाला असता?"

यमुनाने पदर तोंडाला लावला. "कधीच नाही."

ती तशीच विकीच्या रिक्षात बसून सुधाकरबरोबर दवाखान्यात गेली. प्रेशर इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. "अजून आठवडा गेला असता, तर काही खरं नव्हतं," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी अंगणात कोणीच आलं नाही. दुपारी मागच्या गल्लीतली तेजस्वी तेवढी दबकत आली. तिचे वडील नुकतेच गेले होते. मेलेल्यांशी बोलणं करून देणारी एक बाई आहे म्हणतात, जाऊ का, असं तिने विचारलं.

यमुनाने तिला बसवलं, चहा दिला.

"मेलेलं मानूस बोलत नाही गं. बोलतो तो समोरचा जिवंत मानूस, आनि आपल्याला जे ऐकायचं असतं तेच बोलतो. कोनी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी त्याचे हात तपासायचे. दुखलं-खुपलं तर डॉक्टरला विचारायचं." तिने तेजस्वीचा कप पुन्हा भरला. "आनि बापाची आठवन आली, तर इथे येऊन मला सांग. मी उत्तर नाही देनार. पन ऐकेन."