अणदूरची गाडी, नळदुर्गचा मुक्काम

आमच्या शोरूममधली शेवटची गाडी पांढरी होती आणि ती अणदूरच्या हरिबा काकांनी पसंत केली होती. शेवटची म्हणजे खरोखरच शेवटची. कंपनीनं ठरवलं होतं, छोट्या गावांतली शोरूम बंद करायची आणि मोठ्या शहरांत मोजकीच ठेवायची. आमच्या भागाला म्हणे सोलापूर पुरे! आमचं नळदुर्ग हायवेवर आहे, ट्रक थांबतात, ढाबे रात्रंदिवस चालतात, आणि कंपनीला इथं एक शोरूम जड झालं.

हे सगळं मी माझ्या वडिलांना, अप्पांना, मोठ्यानं ऐकवलं. मी दहावीत आहे आणि गेल्या वर्षीपासून सगळं मोठ्यानंच बोलते. आधी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा आवाज नरड्यात अडकायचा. मग स्नेहसंमेलनात बाईंनी ऐनवेळी माझ्या हातात माईक दिला, मी सूत्रसंचालन केलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून मी थांबलेलीच नाही.

“शुभे, कंपनीला ऐकू जात न्हाय इथून,” अप्पा म्हणाले. “हळू बोल.”

सप्टेंबरअखेर शटर ओढायचं होतं. त्या दिवशी जी गाडी उरेल ती कंपनीचा ट्रेलर सोलापूरला नेणार होता. अप्पांचं म्हणणं एकच: ट्रेलर येऊ द्यायचा नाही.

“दुकान विकून रिकामं झालं पायजे,” ते म्हणाले. “उचलून नेऊन न्हाय.”

“दोन्हीत रिकामंच की,” आई म्हणाली.

कामावरची पोरं केव्हाच दुसरीकडं लागली होती. अप्पा स्वतः फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. सकाळीच पुसली होती.

हरिबा काकांनी गाडी गणपतीत बुक केली होती, पण ती यायला उशीर झाला. आली तेव्हा पितृपंधरवडा सुरू झालेला. काकांचा अप्पांना फोन आला, “रुद्रेशराव, पित्तरपाट लागलाय. नवी वस्तू दारात यायची न्हाय. घटाला नेतो.”

आणि घटस्थापना शटरच्या तारखेनंतर!

इतकी वर्षं गाड्या विकल्यावर या पंधरवड्यात शोरूममध्ये माश्या मारायच्या असतात हे अप्पांना तोंडपाठ. पण यंदा आवराआवरीच्या धांदलीत विसरले. आम्ही लिंगायत, आमच्या घरात हा पंधरवडा पाळत नाहीत, त्यामुळं आठवण करून द्यायलाही कुणी नव्हतं.

अप्पांनी कंपनीच्या रणधीर साहेबांना स्पीकरवर फोन लावला. आमच्या भागाची सगळी शोरूम त्यांच्याकडं होती. मी शेजारी उभी राहून भांडणाची तयारी केली.

“रुद्रेशअण्णा, माझ्या हातात असतं तर दिवाळीपर्यंत थांबलो असतो,” साहेब म्हणाले. “पण त्या दिवसानंतर कॉम्प्युटर तुमच्या नावावर गाडी विकूच देणार नाही. आणि खरं सांगू? शोरूम कमी झाली की साहेब तरी कशाला लागतात? मलाच माझं ठाऊक नाही.”

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी म्हटलं, मग हरिबा काकांना भेटू. अप्पा म्हणाले, “न्हाय. गिऱ्हाइकाच्या देवाधर्मात आपण पडायचं न्हाय.” म्हणून रविवारी फक्त आईला सांगून मी एसटीनं अणदूरला गेले.

हरिबा काका ओसरीवर पान लावत बसले होते आणि विठाबाई काकू सुपात उडीद निवडत होत्या. मी पाणी प्याले आणि माईक नसताना माईक असल्यासारखी सुरू झाले.

“काका, पितर म्हणजे आपलीच माणसं ना? मग लेकराच्या दारात गाडी आली तर त्यांना आनंदच होईल की!”

“माझा बा?” काका म्हणाले. “म्या सायकल घेतली तवा आठवडाभर बोलला न्हवता. गाडी बघून काय करल, सांगता येत न्हाय.”

काकू सुपामागं हसल्या. मी लगेच दुसरा मुद्दा काढला. “पण काका, आता शहरात हे कुणी पाळत नाही.”

“मग शहरातच इका की गाड्या. तुमची कंपनी बी तेच म्हणतीया न्हवं?”

कंपनीचंच वाक्य मी त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं होतं. पाठ केलेले अजून दोन मुद्दे होते, पण ते तोंडातून येईनात.

“काका, अप्पा दिवसभर ती गाडीच पुसत बसतात,” मी म्हणाले, आणि आवाज पुन्हा जुन्यासारखा अडकला. “दुसरं कामच उरलं नाही. ट्रेलर आला तर त्यांना ती स्वतःच्या हातानं वर चढवून द्यावी लागेल.”

काकांनी पान तसंच खाली ठेवलं.

“पोरी, माझा ल्योक अमरसिंह पुण्यातनं सांगतोय, सोलापूरला घ्या, तिथं सूट जास्त. म्या म्हणलं, न्हाय, रुद्रेशकडनंच घीन. पर दारात आणू कशी ती?”

“दारात नका आणू. आमच्या अंगणात ठेवा!” मी फार विचार करून बोलले नव्हते, तोंडातून निघालं.

“मंग ती तुमचीच झाली की.”

“कशी हुईल?” काकूंनी सूप बाजूला सारलं. “देव नळदुर्गला मुक्कामाला जातो, तवा काय त्यो अणदूरचा ऱ्हायचा थांबतो व्हय?”

आमच्याकडं खंडोबा एकच आहे आणि देवळं दोन. वर्षातले बरेच महिने देव अणदूरला असतो, मग थोडे दिवस नळदुर्गला राहायला येतो. जाताना-येताना दोन्ही गावचे मानकरी बसून करार करतात. देव कुठंही असला तरी दोन्ही गावं त्याला आपलाच म्हणतात.

“गाडी नावावर करा,” काकू म्हणाल्या. “दुकानातनं भाईर काढा, पोरीच्या अंगणात लावा. नारळ न्हाय, गंध न्हाय, हार न्हाय. म्हंजी आणली बी न्हाय अन् सोडली बी न्हाय.”

“अन् बानं इचारलं तर?”

“सांगा, पाव्हणी गेलीय नळदुर्गला.”

काकांनी खाली ठेवलेलं पान उचलून तोंडात टाकलं. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, “करार करायचा. एकदा अंगणात लावली की घटापत्तूर गाडीत कुणी बसायचं न्हाय. तू तर आजिबात न्हाय.”

“कबूल!” मी ओरडले. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा दचकली.

शटरच्या दिवशी हरिबा काका आले. सही केली आणि लगेच हात पाठीमागं बांधून घेतले, चुकून चावीला लागू नयेत म्हणून. शोरूम बंद करायला आलेल्या रणधीर साहेबांनी काचेची दोन्ही दारं उघडून धरली. अप्पांनी गाडी सावकाश बाहेर काढली आणि परत आत जाऊन एकटेच उभे राहिले. फरशीवर टायरचे ओले डाग होते. सकाळी पुन्हा धुतली असणार! मग बाहेर येऊन त्यांनी शटर ओढलं. ते मध्येच अडकलं, तेव्हा साहेबांनीही हात लावला. दोघांनी मिळून खाली घेतलं.

खरी गंमत पुढं झाली. अप्पांनी नवी गाडी आमच्या अंगणात आणून लावली, आणि ती बघायला अख्खी गल्ली आली.

“रुद्रेशराव, दुकान मिटलं अन् गाडी घेतली? बरंच की!” शेजारचे ईरण्णा म्हणाले.

“माझी न्हाय हो. पाव्हणी हाय, अणदूरची.”

“हार न्हाय ते?”

“पाव्हणीला पित्तरपाट हाय.”

प्रत्येकाला तेच सांगून सांगून अप्पांनाच हसू फुटलं. कंपनीचा निरोप आल्यापासून ते हसले नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं चहाला सगळ्यांना थांबवलं.

घटस्थापनेला सकाळीच हरिबा काका फेटा बांधून आले. काकू नव्या लुगड्यात. गाडीला गंध लागलं, नारळ फुटला, आणि अप्पांनी चावी काकांच्या हातात न देता काकूंच्या पदरात घातली. शोरूममध्येही ते घरच्या बाईच्याच पदरात घालायचे. काकूंनी ती कपाळाला लावून काकांकडं दिली.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “रुद्रेशराव, आता हिचं काय बी दुखलं-खुपलं तर न्यायची कुठं?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणीच, अगदी मीसुद्धा, मोठ्यानं विचारला नव्हता.

“सोलापूरला,” अप्पा म्हणाले. शब्द जड होता, पण त्यांनी तो स्वच्छ उच्चारला. “तिथं मोठं वर्कशॉप हाय. चांगलं हाय.”

“अन् तुमी?”

“फोन करा. मी संगं येईन. माझ्या गिऱ्हाइकाला तिथं कुणी वळखत न्हाय अजून.”

काकांनी पुढचं दुसरं दार उघडून धरलं. “मंग आजबी संगंच चला. अणदूरपत्तूर. जेवून माघारी या.”

अप्पा बसले. मागं काकूंशेजारी मी बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण करार संपला होता. हरिबा काकांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला, कार ते नुकतेच शिकलेले. हायवेला लागलो तेव्हा शोरूम डाव्या हाताला येऊन गेलं. अप्पांनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांना सवडच कुठं होती?

“हरिबा, गिअर बदला. अहो, गिअर बदला की! ट्रॅक्टर न्हाय हा!”