चौतीस किलोमीटरची मालगाडी

दगडखाणींच्या पट्ट्यापासून बंदरापर्यंत अंतर जेमतेम चौतीस किलोमीटर. एवढ्याशा पल्ल्यासाठी कोणी मालगाडी टाकतं का, म्हणून नियोजन खात्यात सगळ्यांनी खिल्ली उडवली होती. तिने मात्र तीन महिने चिकाटीने आराखडा उभा केला. रस्त्यावरचे रोजचे नऊशे ट्रक कमी करायचे आणि दगड रेल्वेच्या डब्यांतून न्यायचा.

त्याच रस्त्यावर दीड वर्षापूर्वी तिचा नवरा गेला होता. स्कूटरवरून शाळेत शिकवायला निघालेला. वळण घेताना ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही.

जनसुनावणीच्या दिवशी साहेबांनी हळूच विचारलं, "अपघातांचं पान मी वाचू का?"

"नको सर. वाचते मी."

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने पान उलटलं. "पाच वर्षांत एकेचाळीस मृत्यू." इथे रडू येईल असं तिला वाटलं होतं. काहीच आलं नाही. ती पुढच्या ओळीवर गेली.

एक ट्रकचालक उठला. "बाई, आम्ही काय मुद्दाम माणसं मारतो? दिवसाला सहा खेपा केल्याशिवाय घर चालत नाही. तुमचं काय जातंय कागदावर रेघ ओढायला?"

मागच्या रांगेतून तिची नणंद ताडकन उभी राहिली. "त्या एकेचाळिसांत माझा भाऊ आहे! ह्याच बाईंचा नवरा!"

चालक मटकन खाली बसला. आता ही रडणार, म्हणून सगळे तिच्याकडे बघत राहिले.

तिने पाण्याचा घोट घेतला. "ह्या ट्रकवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे," ती म्हणाली. "खाणीतून गाडीपर्यंत दगड आणायला ट्रक लागणारच. ते काम आधी ह्यांना मिळावं, हे आराखड्यात घालायचं राहिलंय." आणि तिने ते तिथल्या तिथे लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी आराखडा मंजूर झाला, त्या कलमासकट. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. तिने "थँक्यू सर" म्हणून पुढची फाइल ओढली.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. तिने बातमी सांगितली.

"सुरू कधी होणार गं?"

"चार वर्षं तरी लागतील."

"तोवर ट्रकच?"

"ट्रकच."

सासूबाईंचे हात थांबले. "एकदा रडून घे बाई."

"रडू येत नाही, आई," ती म्हणाली. मग खाली बसून तिने अर्धी भाजी आपल्यापुढे ओढली.