दिपाची गाडी आणि भिकाबाईचा घागरा

"याडी, तू बाहेर बस बरं," दिपा आईला म्हणाली.

"काहून? मी काय चोरी करून राहिले?" भिकाबाई कडाडली.

"तसं न्हाई गं. परीक्षेसाठी बनवलेल्या माझ्या या छोट्या गाडीवर कॅमेरा हाय. जिकडं जास्त लाल दिसंल, तिकडं ती आपोआप जाते. तिनं त्या लाल चेंडूकडं जायचंय, अन् तू तर डोक्यापासून पायापर्यंत लाल!"

"मग येऊ दे की. तुझं लेकरू म्हणजे माझा नातूच. आजीकडं न्हाई तर कुठं जाईल?"

मी हिरासिंग, दिपाचा बाप आणि हिंगोलीच्या याच कॉलेजातला शिपाई. सकाळपासून हॉलमधलं लाल हटवत होतो. आग विझवायची बादली गेली, पडदा गेला, कुंकवाचा करंडा गेला. उरली बायको. तांड्यावरून येताना तिनं हौसेनं आरशांचा नवा घागरा घातलेला.

"ऊठ बाई, पोरीच्या मार्कांचा सवाल हाय," मीच म्हणालो. ती मुकाट्यानं सायकल स्टँडपाशी जाऊन बसली. वाईट वाटलं, पण करता काय!

प्रमुख पाहुणे आले. आता फेट्याशिवाय आपल्याकडं कार्यक्रमाचं पान हलतं का? प्राचार्यांनी पाहुण्यांच्या डोक्याला चांगला भडक लाल फेटा बांधला. गाडी चेंडूकडं निघाली, पाहुणे कौतुकानं वाकले, आणि ती गर्रकन वळून त्यांच्याच अंगावर!

"हाड! हाड!" पाहुणे साहेब वाकून गाडीला हुसकावू लागले. जितके वाकतील, तितका फेटा जवळ.

दिपा रडकुंडीला आली. "बंद केली तर नापास करतील, बा. फेटा काढाय सांगा ना!"

मी प्राचार्यांकडं पाहिलं, त्यांनी छताकडं. मानाचा फेटा काढा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. आमच्या बाईला मात्र एका शब्दात उठवलं होतं. माझा मलाच राग आला. दारातून ओरडलो, "भिके, चल आत!"

ती आत आली मात्र, गाडीनं साहेबांना सोडलं. भिकाबाई शहाणी. सरळ चेंडूच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. गाडी तिच्याकडं धावली आणि वाटेत चेंडूला टक्कन धडकली. टाळ्याच टाळ्या!

"रंग तर बराबर ओळखला," परीक्षक हसत म्हणाले, आणि दिपाचा जीव भांड्यात पडला.

भिकाबाईनं खाली बसून घागऱ्याच्या काठानं कॅमेऱ्याची धूळ पुसली. "दमलं माझं लेकरू."

जन्मभर साहेबलोकांसाठी खुर्च्या उचलल्या. त्या दिवशी पहिल्या रांगेतली एक उचलून तिच्यासाठी आणली.

"पुन्यांदा उठवशील तं न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

मग घागरा नीट पसरून ती बसली.