गच्चीवरचा शनी

“अहो, तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा आहे,” बायको म्हणाली.

दुर्बिणीवर वाकलेल्या कवळीवाल्याने मान वर केली नाही. दिवा आहे हे त्यालाही कळलं होतं. दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडेसुद्धा त्याला स्पष्ट दिसत होते. पण पाठीमागे अर्धी इमारत गच्चीवर येऊन बसली होती आणि ‘शनी दाखवतो, या’ असं दारोदार जाऊन सांगितलं होतं ते त्यानेच. मान वर केली असती तर कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागलं असतं.

दुर्बीण नवीकोरी होती. तिच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. जीव खाल्ला होता तो तिच्याखालच्या माउंटने, म्हणजे नळी वळवायच्या बैठकीने. एक खुंटी सैल केली की नळी दमलेल्या बैलासारखी मान टाकायची, घट्ट केली की नको त्याच दिशेला हटून बसायची. दिवसा खोलीत सगळं कसं छान जमलं होतं! खोलीत पोहायला शिकलेल्या माणसाला विहिरीत ढकलावं तशी आता त्याची गत झाली होती.

“काका,” पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, “शनी माणसाच्या मागे लागतो असं ऐकलं होतं. इथे माणूसच शनीच्या मागे लागलाय!”

सगळे हसले. तोही हसला. हसताना कपाळावरचा घाम डोळा लावायच्या काचेवर पडला, तो त्याने बाहीने पुसला.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पुढच्या खोलीत खुर्ची, डॉक्टर, पेशंट. मागच्या खोलीत हा, प्लास्टरचे साचे आणि मेणाचा वास. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण त्यातला एकही जण त्याला रस्त्यात ओळखत नव्हता. याबद्दल आपली काही तक्रार नाही, असं तो बऱ्याचदा सांगायचा. ज्याची खरंच नसते, तो सांगत नाही.

दुर्बीण मात्र त्याने ताईसाठी घेतली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती; निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडेच राहायची. काचबिंदूने तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या कडा खाऊन टाकल्या होत्या. समोरचं तेवढं उरलं होतं, तेही धुरकट. एकदा वर्तमानपत्रातलं चित्र नाकाला लावून बघता बघता ती सहज म्हणाली होती, “बाळ्या, हे शनीचं कडं एकदा खरंखुरं बघायला मिळालं असतं तर मजा आली असती.” बोलून ती विसरूनही गेली. त्याने मनावर घेतलं.

आता ती खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती. घाई नाही, कुरकुर नाही. बाकीच्यांच्या जांभया त्याला ऐकू येत होत्या, पण लाज वाटत होती ती तिच्या न दिलेल्या जांभईची.

त्याने नळी पुन्हा फिरवली. एक ठळक तारा आत आला, सटकला, पुन्हा आला. त्याने फोकसचं चाक फिरवलं आणि एकदम ओरडला, “आला! शनी आला!”

खरंच काहीतरी आलं होतं. उजेडाचं गोल कडं आणि मधोमध काळा ठिपका. पुस्तकातल्या चित्रासारखं ते अगदी नव्हतं, पण पुस्तकवाले रंगवूनच छापणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

वकिलांनी आधी डोळा लावला. “वा! कडं आहे हो, खरंच आहे! पण ग्रह काळा कसा?” आणि मग त्यांनीच उत्तर दिलं, “काळाच असायचा. शनी आहे तो!”

ते सगळ्यांना पटलं. शनी काळा, हे कोणाला माहीत नाही? एकामागून एक माणसं वाकली, “अय्या”, “अरे बापरे” झालं, कोणीतरी हळूच हातही जोडले. वकिलीणबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही इतके हुशार असाल असं वाटलं नव्हतं हो.” हे कौतुक होतं की काय होतं ते देव जाणे, पण कवळीवाल्याची छाती फुगली. इतकी माणसं त्याच्यासाठी रांगेत उभी आहेत, असं आजवर कधी झालं नव्हतं.

“ताई, आता तू ये,” तो म्हणाला. तिला आणखी रेखीव दिसावं म्हणून त्याने चाक जरासं फिरवलं. कडं लहान झालं. आणखी फिरवलं. कडं आवळत आवळत गेलं, मधला काळा ठिपका मिटला, आणि उरला एक पांढरा, टोकदार तारा.

कोणताही साधा तारा. कडं फोकस चुकल्याचं होतं, आणि मधला काळेपणा नळीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या आरशाची सावली. हे सगळं दुर्बिणीसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत होतं, ‘नेहमी होणाऱ्या चुका’ या मथळ्याखाली. ते पान त्याने आपल्याला काय लागणार म्हणून उलटलं होतं.

त्याच वेळी ताईचा हात त्याच्या खांद्यावर पडला. मागून वकील कोणाला तरी फोनवर सांगत होते, “शनी बघतोय, गच्चीवर! हो, आमच्याच इमारतीत!”

‘थांबा, चूक झाली,’ एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण हाताने जिभेला विचारलं नाही. त्याने चाक होतं तिथे उलटं फिरवून ठेवलं.

ताईने चष्मा काढला, डोळा लावला आणि म्हणाली, “दिसतंय रे. मला दिसतंय! केवढं मोठं आहे, बाळ्या!”

“हो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ताईने फोन सुरू केले. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी, डोळ्यांचे डॉक्टर, लांबच्या शहरातली नणंद, कोणालाच तिने सोडलं नाही. “माझ्या भावाने दाखवला. या डोळ्यांना दिसला, विचार कर!” कवळीवाला आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचा. जेवताना ती पुन्हा तेच काढायची आणि तो ताट अर्धवट टाकून उठायचा. दवाखान्यात त्याने एका बाईंची कवळी इतकी घासली की ती बसेना. डॉक्टर म्हणाले, “लक्ष कुठे आहे तुमचं?” तो म्हणाला, “सॉरी.” निदान तिथे तरी म्हणता आलं.

मग त्याने ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. वजन कुठे सरकवायचं, छोटी शोधक दुर्बीण मोठीशी दिवसाच कशी जुळवायची, सगळं. टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिपाई हलवली. आणि एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, तो सापडला. बारीक, पिवळसर, तांदळाच्या कणीएवढा. पण कडं होतं. ग्रहापासून सुटं, नखाने कोरल्यासारखं. कवळीवाला एकटाच हसला. दुसऱ्याच क्षणी त्याला वाटलं, आता सगळं निस्तरता येईल. ताईला हा दाखवायचा. मागचं न बोलता मागे पडेल. कोणाला काही सांगायला नको.

माणूस स्वतःची सोय किती चटकन बघतो!

तो धावत खाली गेला आणि ताईला कठड्याला धरून धरून वर घेऊन आला. “आज आणखी छान दिसतोय. बघच तू.”

ताईने डोळा लावला. काढला. चष्म्याशिवाय, चष्म्यासकट, एका डोळ्याने, दुसऱ्या डोळ्याने बघितलं.

“कुठे आहे?”

“मधोमध बघ. पिवळा.”

“एक ठिपका आहे, हलतोय. कडं नाही दिसत.” तिने डोळे चोळले, पुन्हा वाकली. “बाळ्या, नाही रे दिसत. त्या दिवशी केवढं ठसठशीत दिसलं होतं!”

ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती घाबरली होती. त्याने तिला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

“एवढ्याशा दिवसांत गेली का रे नजर? डॉक्टर म्हणाले होते, सावकाश जाईल. मग हे कसं झालं? उद्याच्या उद्या चल मला घेऊन. थेंब रोज घालतेय, एकदाही चुकले नाहीये मी...” तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. “घरातही अडखळायला लागेन आता, नाही का?”

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. बसला असता तर तो माणूसच नव्हता.

“तुझी नजर होती तेवढीच आहे, ताई. त्या दिवशीचा शनी नव्हता.”

“म्हणजे?”

त्याने सांगितलं. साधा तारा, फोकस, आरशाची सावली. ती ऐकत होती. “मग तुझी चूक झाली. होते चूक, नवीन वस्तू आहे,” ती म्हणाली.

इथे थांबता आलं असतं. “चूक बाकीच्यांच्या वेळेला झाली,” तो म्हणाला. “तुझी पाळी आली तेव्हा मला कळलं होतं. मी मुद्दाम तसंच ठेवलं.”

ताईने त्याचं मनगट सोडलं. खालच्या रस्त्यावरून एक बस गेली. ती म्हणाली, “आणि मी सगळ्यांना सांगत सुटले.”

“ताई...”

“हा ठिपका तरी खरा आहे ना?”

“खरा आहे. शपथ.”

ती पुन्हा वाकली. दुर्बिणीतून ठिपका सरकून गेला असणार, म्हणून त्याने हळूच नळी हलवून दिली. ती बघत राहिली. “बरं,” ती म्हणाली, “मग हा बघितला. चल खाली. फोन लावून दे मला, ते आकडे दिसत नाहीत. आजवर लावत होती तुझी बायको.”

खाली खुर्चीत ताठ बसून तिने पहिला नंबर सांगितला. नंबर तिला सगळे तोंडपाठ होते. त्याने लावून फोन तिच्या हातात दिला.

“हॅलो, मी बोलतेय. अगं, त्या दिवशी शनी बघितला म्हटलं ना तुला, तो शनी नव्हता. साधा तारा होता. नाही गं, भावाचं काय चुकायचंय? त्याने नीटच दाखवला. माझ्याच डोळ्यांनी घोळ केला. म्हटलं, तू आणखी कोणाला सांगायच्या आत कळवावं. हो, ठेवते.”

“ताई, माझं नाव सांग,” कवळीवाला म्हणाला. “असं तुझ्यावर का घेतेस? मी बोलतो त्यांच्याशी.”

“वकिलांना तू सांग. गच्चीवर होते त्या सगळ्यांना सांग, काय सांगायचं ते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एक्स्चेंजमध्ये बोलायची तसा सपाट, स्वच्छ आवाज होता. “माझी माणसं मी बघते. पुढचा लाव.”

ती एकेक आकडा सावकाश सांगत गेली आणि तो दाबत गेला. निदान हा तरी कोणी उचलू नये, असं त्याला वाटत होतं. पलीकडे पहिल्याच घंटीला कोणीतरी आनंदाने “बोला ताई!” म्हणालं, आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.